दुसऱ्या ओळीतलं ‘नाही’

सांगली,
शनिवार, ३० ऑगस्ट २०२५

ती. आक्कास,

साष्टांग नमस्कार. मी इथे बरी आहे. पाऊस उघडलाय, कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्या सोडून खाली गेलंय. ऑफिसात गणपती बसलाय आणि आरतीला सगळ्यांत मोठा आवाज माझाच असतो म्हणून सगळे हसतात. वडूजला आण्णांचा गुडघा पुन्हा सुजलाय. दर रविवारी ते मला विचारतात, “आक्काचा फोन आला हुता का गं?” मी हो म्हणते. तीन रविवार मी खोटं बोलतेय.

तू फोन उचलत नाहीस. परवा साक्षीनं उचलला आणि म्हणाली, “आई बकऱ्यांकडं गेलीया.” मागून तुझाच आवाज आला, “ठेव गं त्यो फोन.” मग म्हटलं पत्र लिहू. पत्र मधेच ठेवून दिलंस तरी पुन्हा उचलता येईल.

बिरदेव दाजींकडून मला बरंच कळलंय. तुझ्या सासरच्या, धुळामामांच्या मेंढरांच्या खांडव्यातल्या अकरा आणि शेजारच्या बाळासोच्या सहा, अशा सतरा मेंढ्या दोन आठवड्यांत गाभडल्या, कोकरं पोटातच गेली. तू जंताचं औषध पाजलंस त्यानंतरच हे झालं, असं सगळी वस्ती म्हणते. संस्थेच्या बाई येऊन तुझी औषधाची पिशवी आणि ओळखपत्र घेऊन गेल्या, वहीत लिहून गेल्या की ‘पशुसखीने सूचना न वाचता औषध पाजले.’ तू म्हणालीस, “मी चारदा वाचलंय, द्यायचं असंच लिवलंवतं,” आणि तेव्हा अंगणातलं कुणीतरी हसलं. हसणारा कोण होता ते दाजींनी सांगितलं नाही. मला ते नाव हवं होतं. कशाला, ते मला माहीत नाही.

पशुसखीचं काम घे म्हणून मीच तुझ्या मागे लागले होते. संस्थेला माण-खटावात मेंढरं कळणाऱ्या बाया हव्या होत्या आणि मला तुझ्याइतकी मेंढरं कळणारी दुसरी कोणी माहीत नव्हती. त्यांनी तुम्हाला फोनवर जे पान दिलंय, कुठलं औषध, कुणाला, किती, ते आमच्याच कंपनीत तयार होतं. पान लिहिते प्रियदर्शनी, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती. लोकांच्या फोनवर ते नीट दिसतं का, हे तपासायचं काम माझं. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तुझी बहीण सांगलीत कॉम्प्युटरवर काम करते, एवढंच तू लोकांना सांगत आलीस.

आता एक मागणं आहे, आणि घाई आहे. तो फोन जसा आहे तसा राहू दे. त्यातलं ते पान काढू नको. ‘नवीन आवृत्ती घ्या’ असं काही आलं तर साक्षीला हात लावू देऊ नको. मंगळवारी दाजी तुझ्या सासूबाईंचे, आत्यांचे डोळे दाखवायला मिरजेला येणार आहेत. त्यांच्याकडे फोन दे, मी माधवनगरच्या स्टँडवर येऊन घेईन. पंधरा सप्टेंबरला औषधाची पुढची फेरी सुरू होतेय, दोनशे चाळीस बायांच्या हातात तेच पान जाणार आहे. त्याच्या आत मला तुझा फोन बघायला हवा.

तू चारदा वाचलंस यावर माझा विश्वास आहे. तू मोबाइलचं बिलसुद्धा बोट ठेवून वाचतेस.

अजून लिहायचं आहे, पण आधी फोन बघते.

प्रांजल


सांगली,
शनिवार, ६ सप्टेंबर

ती. आक्का,

नमस्कार. फोन मिळाला. सुलाबाई आत्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे पण घाबरण्यासारखं नाही, हे तुला कळलं असेलच. दाजींना चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले. फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, “बघ बाई, काय हाय त्यात ते. घरात आता कोण कुणाशी धड बोलत न्हाई.” आणि आत्यांचा हात धरून मिरजेच्या गाडीकडे गेले.

स्टँडवरच बाकावर बसून मी पान उघडलं. जंताचं औषध. खाली चार ओळी. कोकरांना द्यायचे. नरांना द्यायचे. भाकड मेंढ्यांना द्यायचे. आणि चौथी ओळ अशी:

‘गाभण मेंढ्यांना (पहिले दोन महिने) द्यायचे’

त्याखाली हिरवं बटण, ‘पुढे’.

आक्का, ही ओळ ‘द्यायचे नाही’ अशी आहे. पशुवैद्यांनी तशीच लिहून दिली, प्रियदर्शनीनं तशीच टाकली. तुझ्या फोनवर ‘नाही’ दिसतच नाही. मी बोटानं वर सारलं, खाली सारलं, फोन आडवा केला. उभ्या फोनवर ते कुठंच नाही. आडवा केला की येतं. फोन आडवा धरून कोण वाचतं?

तू खोटं बोलली नव्हतीस. हे मी तुला पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

ऑफिसात गेले आणि आमच्या तपासायच्या साधनात तेच पान उघडलं. हे साधन कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्येच चालतं. त्यात फोनचं नाव निवडायचं, मग पडद्यावर त्या फोनएवढी चौकट येते आणि चौकटीत आपलं पान. पानाचा फोटो निघतो, आधी ठरवलेल्या फोटोशी ताडला जातो, आणि जिथं फरक असेल तिथं लाल रंग लागतो. तुझ्याच फोनचं नाव निवडलं. चौथी ओळ पूर्ण. ‘द्यायचे नाही.’ एका ओळीत, ऐसपैस. एका हातात तुझा फोन, समोर पडद्यावर तुझाच फोन, आणि दोघांचं म्हणणं उलट.

आमच्या देशिंगकर सरांना बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगते. त्यांनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, “अक्षरं मोठी केलीत हिनं. सेटिंगमध्ये बघा. लोक असं करतात, मग ओळी मोडतात.” आणि खरंच, तुझी अक्षरं एक घर मोठी होती. म्हणजे पुन्हा तुझ्यावरच. मी अक्षरं मूळ मापाची केली, पान पुन्हा उघडलं. ‘नाही’ तरीही गायब. सर केबिनमध्ये गेले.

मग ब्राउझर जुना आहे म्हणून असेल, असं वाटलं. ऑफिसातल्या एका फोनवर तोच जुना ब्राउझर टाकला, तिथं ओळ पूर्ण दिसली. चौकटीची रुंदी चुकीची असेल म्हणून मोजली, बरोबर होती. दोन दिवस असेच गेले. रोज एक कारण धरायचं आणि संध्याकाळपर्यंत ते सोडून द्यायचं. शेवटी प्रियदर्शनी दोन्ही पडदे शेजारी धरून बघत होती, ती म्हणाली, “प्रांजल, ‘ढ्यां’ बघ. हिच्या फोनवरचं जाड आहे.”

तेच होतं. अक्षरांचं वळण, ज्याला आम्ही फॉन्ट म्हणतो, ते पानाबरोबर तुझ्या फोनला जातच नव्हतं. प्रत्येक फोन आपापलं वळण वापरत होता. आमच्या कॉम्प्युटरवरचं वळण सडपातळ, तुझ्या जुन्या फोनवरचं रुंद. साधन फक्त चौकट तुझ्या फोनएवढी करतं, अक्षरं मात्र आमच्या कॉम्प्युटरचीच घेतं. आमच्याकडे ओळ मावायची. तुझ्याकडे शेवटचा एक शब्द दुसऱ्या ओळीत पडायचा, आणि खोक्याची उंची एकाच ओळीची ठेवलेली, म्हणून तो हिरव्या बटणाखाली जायचा. कॉम्प्युटरवरून ते सडपातळ वळण काढून तुझ्या फोनवरचं रुंद वळण टाकलं आणि तुझं पान साधनात पुन्हा उघडलं, तर माझ्या डोळ्यांसमोर ‘नाही’ खाली सरकलं आणि बटणाखाली गेलं. प्रियदर्शनीनं तोंडावर हात ठेवला.

पहिल्या आवृत्तीच्या तपासणीत हे कुणाच्या तरी नजरेतून सुटलं असणार.

असो. प्रियदर्शनीनं काल पान दुरुस्त केलं. फॉन्ट आता पानाबरोबरच जाईल, खोकं मजकुराएवढं वाढेल आणि ‘नाही’ ओळीच्या सुरुवातीला, लाल रंगात. सर म्हणाले, पंधरा तारखेच्या आधी नवीन आवृत्ती जाईल, गाजावाजा नको, कारण विचारलं तर ‘किरकोळ सुधारणा’ लिहायचं. संस्थेचं काम गेलं तर ऑफिसातल्या तेरा जणांचं काय, असंही म्हणाले. तेही खोटं नाही.

म्हणजे आता पुढं कुणाचं नुकसान होणार नाही. तुला एवढं तरी बरं वाटेल ना?

साक्षीला आशीर्वाद. आत्यांना नमस्कार. मामांना सांगशील का, ते मी तुझ्यावर सोडते.

प्रांजल


म्हसवड,
मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रांजलला मंगलचा आशीर्वाद.

तुजी दोन्ही पत्रं पावली. साक्षी म्हनली वाचून दावू का, मी म्हनलं न्हाई, माजं मी वाचीन. वाचाय येळ लागला. मी खोटं बोलले न्हाई ह्ये तुला कळलं, बरं झालं. मला त्ये ठावंच हुतं.

तू लिवलंस, पान दुरुस्त झालं. पानाचं झालं. माजं काय? संस्थेच्या वहीत आजून माजंच नाव हाय. बाळासोची बायको हापशावर माज्यासंगं उभी ऱ्हात न्हाई. मामा माज्या हातचा चा घेत न्हाईत, साक्षीनं दिला तर घेत्यात. गुपचूप दुरुस्त केलं म्हंजे मी जलमभर न वाचता पाजनारीच.

दुसरं. तू लिवलंस, कुनाच्या तरी नजरेतनं सुटलं. कुनाच्या?

आनि तिसरं. औषध पाजायच्या आदी मी तुला फोन केलावता. त्ये तुज्या दोन्ही पत्रात न्हाई. मी बी कुनाला सांगितलं न्हाई. मामांनी तोंडावर इचारलं, “तुला कुनी सांगितलं का पाजाय?” मी म्हनलं, “न्हाई, माजं मीच.” तू नोकरीला हायस, आण्णा तुज्याकडं बघून दिस काढत्यात, म्हनून. पर तू इसरलीस, का इसरल्यावानी करतीस, येवढं मला कळाय पायजे.

रविवारी, चौदा तारखेला, सकाळी धाला बिरोबाच्या देवळात बैठक हाय. मला बोलवलंय. तू यावं म्हनून लिवत न्हाई.

मंगल


सांगली,
गुरुवार, ११ सप्टेंबर

आक्का,

तुझं पत्र दुपारी मिळालं. हे पत्र उद्या सकाळच्या म्हसवड गाडीच्या कंडक्टरकडे देतेय, दाजी स्टँडवर घेतील. तुझ्या प्रश्नांची उत्तरं तुला बैठकीच्या आधी मिळायला हवीत.

कुणाच्या नजरेतून सुटलं? माझ्या. आणि खरं सांगायचं तर सुटलंच नाही.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. आमचं साधन फक्त चौकटीवर थांबत नाही. आवृत्ती बाहेर जायच्या आधी एकदा ते पान दूर कुठंतरी ठेवलेल्या तीन खऱ्याखुऱ्या फोनांवरही उघडतं आणि फोटो पाठवतं. त्यांतला एक जुना, तुझ्या फोनसारखा होता. वळण सापडल्यावर मी जूनची तपासणी पुन्हा काढून बघितली. चार जूनला त्या फोनवरून एकशे बावन्न फरक आले होते. एखादा काना केसभर सरकलेला, सावली थोडी वेगळी, असलेच बहुतेक. नेहमी तेच येतं, सगळ्यांना कंटाळा येतो. वर एक बटण असतं, ‘सगळे मान्य’. एकशे सदतिसावा फोटो तुझ्या चौथ्या ओळीचा होता. हिरव्या बटणाच्या डोक्यावर लाल पट्टा. खाली ‘मान्य’, आणि पुढे नाव: प्रांजल. वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटं. त्या दिवशी पाच वाजता आवृत्ती द्यायची होती. मी पहिले तीस-चाळीस बघितले आणि बटण दाबलं.

शनिवारी तुला ते पत्र लिहिताना हे मला माहीत होतं. ‘कुणाच्या तरी’ हे मी विचार करून लिहिलं.

आता फोनचं. मी विसरले नाही. विसरल्यासारखं करत होते.

चोवीस जुलै, गुरुवार. मी मीटिंगमध्ये होते, बाहेर येऊन उचलला. तू म्हणालीस, “प्रांजल, ह्यात गाभणीला द्यायचं म्हनतंय, ते बी पयल्या दोन महिन्यांत. आत्या म्हनत्यात, फळलेल्या मेंढीला कडू औषध पाजू नगं. एकदा बघून सांगतीस का?” तुझ्या मागे मेंढरांचा आवाज येत होता. मी बघितलं नाही. पान माझ्या टेबलावर उघडं होतं, दहा पावलांवर. मी म्हटलं, “आक्का, आत्यांचं ऐकायचं का डॉक्टरांनी लिहिलंय ते? फोनवर दिसतंय तसं कर. ते पान मी स्वतः तपासलंय.” तू मग म्हणालीस, “बरं, तू तपासलंयस न्हवं,” आणि ठेवलास. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा नाही.

आक्का, बटण दाबलं ती हयगय होती, कामाच्या धबडग्यात होते तशी. पण फोनवरचं ते हयगय नव्हतं. तू शंका घेतलीस याचा मला राग आला होता. मी शिकलेली, मी तपासलेलं, आणि ही सुलाबाईंच्या बोलण्यावर मला विचारतेय. तो ताठा होता. आत्यांना अक्षर येत नाही, पण त्या बरोबर होत्या. तुला अक्षरही येत होतं आणि मेंढरंही कळत होती, म्हणून तू विचारलंस. चुकलेली एकटी मी होते.

मामांनी विचारल्यावर तू माझं नाव घेतलं नाहीस, हे मी तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा मला जिन्यात जाऊन बसावं लागलं.

आज काय केलं ते सांगते. सकाळी सरांनी मला अहवाल लिहायला सांगितला होता, की त्या एका फोनवर अक्षरं मोठी केल्यानं दोष दिसला. तुझं पत्र वाचल्यावर त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, अक्षरं मूळ मापावर आणूनही दोष राहतो, तुमच्या समोरच बघितलं. ते म्हणाले, “प्रांजल, तुमच्याच नावावर येईल हे. ‘मान्य’ तुम्ही दाबलंय. मी तुम्हालाच वाचवतोय.” त्यांनीही जूनची तपासणी उघडून बघितली होती तर. मी म्हटलं, “सर, मला वाचवायला तिकडं एकजण आधीच बसलीय.” त्यांना ते कळलं नाही, आणि मी समजावलंही नाही.

तिथून येऊन संस्थेच्या मुख्य बाईंना सरळ लिहिलं. दोन्ही फोटो जोडले, तुझ्या फोनवरचा आणि आमच्या पडद्यावरचा. चार जूनचा लाल पट्ट्याचाही, माझ्या नावासकट. शेवटी लिहिलं की श्रीमती मंगल यांनी सूचना वाचली होती, शंका आल्यावर तपासणीसाला विचारलंही होतं, आणि तपासणीसानं चुकीचं उत्तर दिलं. प्रियदर्शनीला वाचायला दिलं. ती म्हणाली, “खोक्याची उंची मी बांधली होती. माझंही नाव लिही.” मी नको म्हटलं, तर तिनं माझ्या हातून कीबोर्ड घेऊन स्वतःच लिहिलं.

मग पाठवलं.

रविवारी मी येतेय. तू ‘ये’ म्हणाली नाहीस, ते मी वाचलंय. तू माझ्याशी बोलायलाच पाहिजे असं नाही. मामांना जे तू सांगितलं नाहीस ते मला सांगायचंय, एवढ्यासाठी येते. कृपा करून मला अडवू नको, आणि माझी बाजू घेऊ नको.

प्रांजल


सांगली,
मंगळवार, १६ सप्टेंबर

ती. आक्का,

नमस्कार. परवा विट्याला गाडी बदलताना तासभर थांबावं लागलं, पण सुखरूप पोचले. आण्णांना काल फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मंगलनं झाकलं व्हय तुला?” मग फोन ठेवला. गुडघ्याचं सांगायचंही राहिलं.

तू देवळाबाहेर लिंबाखाली बसली होतीस, आतलं तुला ऐकू आलं नसेल, म्हणून लिहिते. तुला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको.

मी आत गेले तेव्हा बाळासो बोलत होता. मला बघून थांबला. मामांनी मान वर केली आणि म्हणाले, “पाव्हणी, ही बायकांची बैठक न्हवं.” मी उभ्यानंच म्हटलं, “मामा, मेंढ्यांचं सांगायला आलेय. पाच मिनिटं द्या.” मग तुझा फोन काढला आणि त्यांच्या हातात दिला. चौथी ओळ बोटानं दाखवली, मोठ्यानं वाचली. फोन आडवा केला, पुन्हा वाचली. मामांना वाचता येत नाही, म्हणून त्यांनी फोन शेजारी बसलेल्या कोंडीबांकडे दिला. कोंडीबांनी चष्मा लावून उभा वाचला, आडवा वाचला, आणि म्हणाले, “आरं तिच्या मायला.”

मामा म्हणाले, “म्हंजे फोननं सांगितलं व्हय पाजाय?”

इथं मला थांबता आलं असतं, आक्का. मानेनं हो म्हटलं असतं तरी तू सुटली असतीस आणि मीही. खरंच तसं वाटलं, एक क्षणभर. मग म्हटलं, “न्हाई मामा. फोननं अर्धं सांगितलं. आक्काला शंका आली, तिनं मला विचारलं. मी न बघता पाज म्हटलं. आत्या नको म्हणत होत्या, त्यांना मी खोटं पाडलं.”

बाळासो उठला. “आनि मंगल म्हनली तिचं तिनंच पाजलं!” मी म्हटलं, “ती माझ्यासाठी तसं म्हणाली.” तो माझ्या अंगावर यायच्या बेतात होता, कोंडीबांनी त्याचं धोतर ओढून खाली बसवलं. तेवढ्यात बाहेरून सुलाबाई आत्यांचा आवाज आला, “मी सांगत हुते! मी सांगत हुते का न्हाई?” कुणी हसलं नाही.

मामांनी बाळासोला हातानं थांबवलं. मग म्हणाले, “पोरी, खरं बोललीस, बरं केलंस. पर सतरा कोकरं तुज्या खऱ्यानं उठायची न्हाईत. आनि सुनंला मी महिनाभर चोरावानी वागवलं, त्ये बी माघारी येत न्हाई.” मग त्यांनी दाजींना म्हटलं, “बिरदेवा, मंगलला आत बोलव. बाहेर का बसवलंय तिला?”

पुढचं तुझ्यासमोरच झालं. माझा मेल वाचून वही घेऊन आलेल्या संस्थेच्या बाईंनी त्यातली ती ओळ सगळ्यांदेखत खोडून खाली नवीन लिहिली आणि सही केली. मग त्यांनी पिशवी तुझ्यापुढे केली. तू घेशील की नाही, मला खरंच कळत नव्हतं. तू पिशवीला हात न लावता म्हणालीस, “आदी समद्या औषधांचं कागदावर छापून द्या, बोटाएवढ्या अक्षरात. मी फोन बी बघीन, कागद बी बघीन, आनि सासूला बी इचारीन. मग पाजीन.” बाईंनी ते लिहून घेतलं. आज त्यांचा मेल आलाय: सगळ्या दोनशे चाळीस बायांना छापील कागद मिळेपर्यंत फेरी थांबवली आहे. आणि या तीन दिवसांत त्यांनी सगळ्यांना फोन करून विचारलं, तर एकतीस जणींच्या फोनवर ‘नाही’ दिसत नव्हतं. त्यांतल्या नऊ जणींनी औषध पाजलं होतं. दहिवडीकडच्या एकीनं भीतीनं कुणाला सांगितलंच नव्हतं. तू आवाज केला नसतास तर त्या सगळ्या जणी आपापल्या अंगणात एकेकट्याच शिव्या खात बसल्या असत्या.

माझं म्हणशील तर सरांनी या महिन्याअखेरपर्यंत घरी बसा म्हटलंय. पुढचं तेव्हा ठरेल. त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. संस्थेनं काम काढून घेतलेलं नाही अजून. तपासणीची पद्धत मात्र बदलली: ‘सगळे मान्य’ हे बटण आमच्या साधनातून बंद केलंय. प्रियदर्शनी म्हणाली, आता दिवसभर एकेक फोटो बघून तिचे डोळे चुरचुरतात.

आक्का, परतताना तू स्टँडपर्यंत आलीस. गाडी लागल्यावर मी ‘माफ कर’ म्हणायला तोंड उघडलं, तर तू म्हणालीस, “नगं. मला त्ये नगं. मी इचारलं तवा तू उठून दहा पावलं जायाला पायजे हुतं. येवढंच.” मग मी चढले, खिडकीत बसले, आणि तू खिडकीखाली येऊन म्हणालीस, “पत्र लिवत जा. फोनवर तू लय भराभरा बोलतीस.”

तिकीट काढताना कंडक्टरनं मला दोनदा विचारलं, कुठं जायचं. आधी मी वडूज म्हटलं, मग सांगली.

तर हे लिहिलं. तीनदा फाडून लिहिलं, कारण प्रत्येक वेळी शेवटी मी स्वतःची समजूत काढत होते. हे चौथं. यात माफी मागितलेली नाही, तू नको म्हणालीस म्हणून. मागायची राहिलीय, हे मात्र मला माहीत आहे, आणि ती राहणार.

तू उत्तर लिहिलंस तर हातातलं काम खाली ठेवून, उठून, दारातच उभी राहून वाचेन. नाही लिहिलंस, तरी पुढच्या मंगळवारी मी लिहीन.

प्रांजल